आगोटीआधीची बेगमी : धंद्यातली आर्थिक लवचिकता कशी मोजायची, कशी राखायची

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. सावंतवाडी भागातले एक काजू कारखानदार ताळेबंद घेऊन माझ्याकडे आले. वर्षाचा नफा चांगला होता, माल खपत होता, गिऱ्हाईक जुने होते. हंगामाची बी पंधरा दिवसांत बाजारात येणार होती, आणि त्यांच्याकडे ती घ्यायला पैसे नव्हते. मी डिसेंबरातच त्यांना विचारले होते की मार्चची सोय काय? तेव्हा ते म्हणाले होते, "लिमिट आसा मां, मग काळजी कित्या?" बँकेने मंजूर केलेले कर्जाचे लिमिट खरोखरच होते, साठ लाखांचे. पण त्यातून एक रुपया उचलता येत नव्हता.

गेली अनेक वर्षे मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या छोट्या उद्योगांचे हिशेब पाहतो आहे. काजू, आंबा कॅनिंग, मासेमारीच्या नौका, होमस्टे असे सगळे प्रकार त्यात येतात. या सगळ्यांत नफ्यातला धंदा अडताना मी जितक्यांदा पाहिला, तितक्यांदा तोट्यातला पाहिला नाही. म्हणून हा लेख लिहितो आहे. पगार, हप्ते आणि कच्चा माल यांची जबाबदारी ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांनी वही-पेन घेऊन तो वाचावा.

आपल्याकडे मे महिन्यात आगोटीची तयारी चालते. लाकडे माडीवर किंवा पडवीत चढतात, सुके बांगडे आणि सोडे डब्यात जातात, सोले वाळतात, तांदूळ भरला जातो. पाऊस किती पडेल हे कोणाला ठाऊक नसते, तरी पडणार हे पक्के असते. आर्थिक लवचिकता म्हणजे धंद्याने केलेली हीच बेगमी. संकट आले किंवा संधी आली तर योग्य वेळी, परवडणाऱ्या दरात पैसा उभा करता येणे, एवढाच तिचा अर्थ. हा पैसा तीन ठिकाणांहून येतो : हातातली रोकड, न वापरलेली कर्जाची क्षमता आणि थांबवता किंवा पुढे ढकलता येणारे खर्च. तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत, आणि गफलत होते ती एकाला दुसऱ्याच्या जागी धरल्यामुळे.

मोठ्या कंपन्यांचे काय म्हणणे आहे

१९५८ साली मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की कर, दिवाळखोरीचा खर्च किंवा माहितीची तफावत असे काहीच नसलेल्या आदर्श बाजारात कंपनी पैसा कर्जातून उभारते की भागभांडवलातून, याने तिच्या मूल्यात फरक पडत नाही. अशा बाजारात बेगमी लागणारच नाही, कारण चांगल्या कामाला पैसा केव्हाही मिळेल. आपला बाजार तसा नाही. बँकेचा अधिकारी बदलून जातो, तारणाच्या कागदात काका-आत्यांची नावे निघतात, आणि पैसा लागतो त्याच आठवड्यात पूर येतो. २००१ मध्ये ग्रॅहम आणि हार्वे यांनी अमेरिकेतल्या ३९२ वित्तप्रमुखांची पाहणी प्रसिद्ध केली. कर्ज किती घ्यायचे हे ठरवताना तुम्ही सर्वांत जास्त कशाला महत्त्व देता, या प्रश्नावर आर्थिक लवचिकतेचे उत्तर सर्वांत वर आले. शेकडो कोटींची उलाढाल करणारे लोक जे सांभाळतात, ते आपण साठ लाखांच्या लिमिटवर सोडून देतो.

पायरी पहिली : पैशाचे पंचांग मांडा

एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्याखाली दोन आकडे हवेत, किती पैसे येतात आणि किती जातात. विक्रीचा महिना लिहू नका, पैसे हातात पडण्याचा महिना लिहा. मागच्या दोन वर्षांचे बँकेचे उतारे समोर ठेवले की हे काम एका दुपारचे आहे.

कोकणात या कागदाला विशेष महत्त्व आहे, कारण आपले धंदे बारमाही दिसले तरी त्यांची रोकड हंगामी असते. काजूत बी मार्च ते मे मध्ये घ्यावी लागते आणि काजूगर वर्षभर विकला जातो. त्यामुळे तीन महिने पैसा बाहेर आणि पुढचे नऊ महिने तो हळूहळू आत. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, पण बंदी उठल्यावर पहिल्या फेरीच्या आधीच खलाशांची उचल, जाळ्यांची डागडुजी, डिझेल आणि बर्फ यांचे पैसे मोजावे लागतात. तारकर्ली-मालवणच्या होमस्टेची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे यांत गोळा होते.

पंचांग मांडल्यावर सर्वांत खोल खड्डा कोणत्या महिन्यात पडतो ते लाल शाईने लिहा. माझा अनुभव असा की दहातले आठ मालक हा महिना चुकीचा सांगतात. त्यांना विक्री कमी असलेला महिना आठवतो, खरा खड्डा मात्र खरेदीच्या महिन्यात असतो.

पायरी दुसरी : किती दिवस तग धराल?

आता असे समजा की उद्यापासून एक रुपयाही येणार नाही. तरी दर महिन्याला काय द्यावेच लागेल? उदाहरणासाठी एका छोट्या कारखान्याचे आकडे धरू. कायम कामगारांची मजुरी १,६०,०००, मुदत कर्जाचा हप्ता ८०,०००, कॅश क्रेडिटचे (लागेल तसे उचलायच्या आणि भरायच्या बँक कर्जाचे) व्याज ७०,०००, वीज-भाडे-किरकोळ ४०,०००. एकूण ३,५०,०००. हातात आणि ठेवीत मिळून ७ लाख असतील तर तग साठ दिवसांची.

साठ दिवस पुरेसे आहेत का? हे धंद्यावर अवलंबून आहे, पण आपल्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत काय घडले ते आठवा. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने किनारा झोडपला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. हे सगळे सोळा महिन्यांच्या आत घडले. शासनाची आणि बँकांची मदत आलीही. टाळेबंदीत सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, आणि २९ फेब्रुवारी २०२० ला बाकी असलेल्या कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत सरकारी हमीचे जादा कर्जही मिळाले. पण ती योजना जाहीर झाली मे मध्ये. मार्चअखेरचा पगार ज्याने त्याने आपल्या गल्ल्यातून दिला. शिवाय ते कर्ज बाकी कर्जाच्या प्रमाणात आणि साठ दिवसांहून जास्त थकलेले खाते नसलेल्यांनाच होते. ज्यांनी आधी खाते नीट ठेवले त्यांनाच दार उघडे होते.

माझ्या मते हंगामी धंद्याने साठ ते पंचाहत्तर दिवसांची तग रोकड आणि सहज मोडता येणाऱ्या ठेवीत ठेवावी. नौकावाल्यांनी ६१ दिवसांच्या बंदीत हे दिवस मोजू नयेत. बंदी ठरलेली आहे, तिची सोय वेगळी हवी. तग असते ती न ठरलेल्या गोष्टींसाठी.

पायरी तिसरी : लिमिट आणि डीपी (ड्रॉइंग पॉवर) यांतला फरक समजून घ्या

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सुरुवातीच्या कारखानदारांची गोष्ट इथेच अडली होती.

बँक कॅश क्रेडिटचे लिमिट मंजूर करते ती कमाल मर्यादा. प्रत्यक्ष किती उचलता येईल हे डीपीवर ठरते, आणि डीपी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे माल आणि येणी यांच्या बँकेला दिलेल्या पत्रकावरून निघते. मे महिन्यातला हिशेब पाहा. गोदामात ८० लाखांची बी आणि काजूगर, त्यातले १० लाख अजून व्यापाऱ्याला द्यायचे, म्हणजे आपला माल ७० लाखांचा. बँकेने २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा हिस्सा) कापले की ५२.५ लाख. येणी २० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन, म्हणजे १२ लाख. डीपी झाली ६४.५ लाख. लिमिट ६० लाखांचे, म्हणून ६० लाख उचलता येतात. आनंदीआनंद.

आता तोच कारखाना जानेवारीअखेर. माल उरला १६ लाखांचा, मार्जिन कापून १२ लाख. येणी ३० लाख दिसतात, पण त्यातली १० लाखांची उधारी नव्वद दिवसांपेक्षा जुनी आहे आणि बँक ती धरत नाही. उरलेल्या २० लाखांवर १२ लाख. डीपी २४ लाख. लिमिटच्या पत्रावर अजूनही साठच लिहिलेले असते. खात्यात बाकी मात्र ४० लाख.

ही बाकी ४० का राहिली? कारण ऑगस्टमध्ये त्यांनी नवा बॉयलर आणि ड्रायर घेतला होता, १८ लाखांचा, आणि चेक फाडला कॅश क्रेडिटवर. मुदत कर्जाचे कागद करायला महिना लागेल, व्याज तर सारखेच, मग कटकट कशाला, असा विचार. ते १८ लाख यंत्रात अडकले नसते तर बाकी २२ लाख असती आणि डीपीच्या आत बसली असती. आता खाते १६ लाखांनी डीपीच्या वर. असे सलग नव्वद दिवस राहिले तर ते अनुत्पादित (एनपीए) ठरते. त्याआधीच ते एसएमए, म्हणजे अडचणीत येऊ लागलेले खाते, म्हणून नोंदले जाते आणि नवे कर्ज देताना बँका अशी नोंद पाहतात.

या चुकीची किंमत रुपयांत काढू. १८ लाखांत १२० रुपये किलोने १५ टन बी आली असती. ती हंगामात घेता आली नाही, आणि समजा ऑक्टोबरात व्यापाऱ्याकडून १४० ने घ्यावी लागली. जादा गेले ३ लाख. हंगामात घेतली असती तर सहा महिन्यांचे दहा टक्के दराने ९०,००० व्याज आणि गोदाम, घट, बारदान यांचे साधारण ३०,००० पडले असते. म्हणजे निव्वळ नुकसान १,८०,०००. कर्ज तेवढेच, व्याज जवळपास तेवढेच, यंत्रही चांगले. पैसा चुकीच्या कप्प्यातून काढला, इतकेच. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचे मुदत कर्ज घेतले असते तर हप्ता बसला असता महिना सुमारे ३९ हजारांचा.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑक्टोबरात भाव चढेलच असे नाही. परदेशातून येणाऱ्या बीचे भाव पडले की इथलेही पडतात, आणि गोदाम भरून बसलेला माणूस तोट्यात जातो. वरच्याच उदाहरणात ऑक्टोबरचा भाव ११० झाला तर हंगामात घेतलेल्या १५ टनांवर दीड लाखाची घट आणि वर १,२०,००० चा खर्च. तेव्हा हाती पैसा आहे म्हणून सगळी बी घेतलीच पाहिजे असा याचा अर्थ होत नाही. घ्यायची की थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो, हा लवचिकतेचा खरा लाभ. ज्याच्याकडे ती नाही त्याच्या वतीने बाजार ठरवतो.

तर वहीत हे सूत्र लिहा : लिमिट आणि डीपी यांतली जी रक्कम लहान, तिच्यातून खात्यातली बाकी वजा करा. उरेल ती तुमची न वापरलेली क्षमता. ती मे महिन्याची काढू नका, पंचांगातल्या लाल महिन्याची काढा. आणि दुसरे, पाच वर्षे टिकणारी वस्तू पाच वर्षांच्या कर्जातून घ्या.

पायरी चौथी : कर्जाची क्षमता शांत महिन्यात वाढवा

बँकेकडे जाण्याचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. लेखापरीक्षण झालेले असते, विवरणपत्र भरलेले असते आणि बँकेवर मार्चअखेरचा ताण नसतो. मार्चमध्ये गेलेला अर्जदार घाईत दिसतो, आणि घाईतल्या माणसाला कोणीही चांगल्या अटी देत नाही.

काय मागायचे? सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी पाच कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलाला नायक समितीची पद्धत लागू होते. अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज मानतात, त्यातले ५ टक्के आपले आणि २० टक्के बँकेचे. दोन कोटींच्या उलाढालीला चाळीस लाख. पण काजू आणि आंब्यासारख्या धंद्यात ही सरासरी अपुरी पडते, कारण गरज तीन महिन्यांत उसळते. म्हणून हंगामाचे आणि बिगरहंगामाचे अशी दोन लिमिटे मागा. हंगामी उद्योगांना बँका अशी सोय देतात, मात्र मागितल्याशिवाय ती कोणी सुचवत नाही. सोबत पायरी एकमधले पंचांग जोडा. तो कागद पाहून अधिकाऱ्याचा सूर बदलताना मी अनेकदा पाहिला आहे.

तारणाचा प्रश्न कोकणात फार अवघड आहे. जमीन भरपूर, पण सातबाऱ्यावर नावे वीस-पंचवीस. अर्धे मुंबईत, दोघे वारलेले, एकाचा पत्ता नाही. अशी सामाईक जमीन बँक सहसा तारण घेत नाही, आणि घरात मालमत्ता असूनही धंद्याला तिचा उपयोग शून्य. हे काम गणपतीत करा. चाकरमानी गावी आलेले असतात, सगळे एका खळ्यात बसतात. आधी वारसनोंदी पूर्ण करून घ्या, मग सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. दोन-तीन वर्षे जातात. पण फेरफार होऊन स्वतंत्र सातबारा हातात आला की तुमची कर्जक्षमता एका दिवसात वाढते. मला विचाराल तर कोकणातल्या उद्योजकाने केलेली ही सर्वांत फायदेशीर गुंतवणूक आहे, आणि ताळेबंदात ती कुठेच दिसत नाही.

तोवर सीजीटीएमएसई या पतहमी निधीची हमी आहे. या योजनेत सूक्ष्म व लघु उद्योगांना तारणाशिवाय कर्ज देता येते, हमीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटींची आहे. हमीशुल्क पडते, ते लवचिकतेचा हप्ता समजून द्या.

आणखी एक लहानशी गोष्ट. स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्या आणि खरे द्या. फुगवलेला आकडा एक महिना भागवतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने पोती मोजली की पुढची दहा वर्षे जातात.

पायरी पाचवी : येणी सैल सोडू नका

वरच्या उदाहरणात दहा लाखांची उधारी नव्वद दिवसांच्या पुढे गेली होती. ती दोनदा नडली, पैसे आले नाहीत आणि डीपीही घटली. आपल्याकडे मुंबईच्या किंवा गोव्याच्या व्यापाऱ्याला मागायचा संकोच असतो. "जुना माणूस आहे, देईल." देतोही, पण त्याच्या सोयीने.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली नसेल तर आधी ती करा, फुकट आहे. अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही हा नियम आला. या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मी बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापायला लावतो. भांडण करायची वेळ क्वचित येते, कारण मार्चअखेर खरेदीदाराचा हिशेबनीसच आठवण काढतो. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही संरक्षणे मिळत नाहीत, ती उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहेत.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर ती ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, आहे का पाहा. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. तुमचे बिल तिथे बँका बोली लावून घेतात आणि पैसे काही दिवसांत येतात.

लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्यावी का? साठ दिवस आधी पैसे मिळण्यासाठी दोन टक्के सूट म्हणजे वर्षाला बारा टक्के व्याज. कॅश क्रेडिट साडेदहाने मिळत असेल तर हे महाग. पण फेब्रुवारीत, बी घ्यायच्या तोंडावर, डीपी संपलेली असताना तोच दोन टक्क्यांचा सौदा स्वस्त ठरतो. जुलैत देऊ नका. पैशाची किंमत महिन्यागणिक बदलते, पंचांग भिंतीवर हवे ते यासाठीच.

आंबा बागायतदारांची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. दलालाकडून पावसाळ्यात उचल घेतली की पेटी कुठे जाणार, केव्हा जाणार हे तेव्हाच ठरते. उचलीवर व्याज दिसत नाही, ते भावातून जाते. अशा बागायतदाराला मी सांगतो की सगळी उचल एका वर्षात फेडता येणार नाही, पण दर वर्षी पाचवा हिस्सा माल मोकळा ठेवा आणि तो थेट विका. पाच वर्षांत बाजार निवडण्याचा हक्क परत येतो.

पायरी सहावी : विम्याला बेगमीत धरा

मालावरच्या लिमिटमध्ये एक छुपा धोका आहे. पूर आला की माल जातो, माल गेला की डीपी जाते. नेमका पैसा लागतो त्या दिवशी लिमिट नाहीसे होते. चिपळूणच्या पुरानंतर बाजारपेठेत हेच झाले, दुकानात चिखल आणि कर्ज मात्र जसेच्या तसे. म्हणून पुराच्या संकटासाठी मालतारण लिमिट ही लवचिकता धरूच नका. तिथे रोकड आणि विमा दोनच उपयोगी.

विम्यात आपण कुठे फसतो? ८० लाखांच्या मालाचा विमा ४० लाखांचा काढतो, हप्ता वाचवायला. नुकसान होते २० लाखांचे, आणि वाटते की ४० च्या आत आहे, पूर्ण मिळेल. तसे होत नाही. विमा निम्म्याचा होता म्हणून भरपाईही निम्मीच, १० लाख मिळतात. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. काजू कारखान्यात मालाची किंमत जानेवारीत १६ आणि मे मध्ये ८० लाख. वादळेही मे-जूनमध्ये येतात. विम्याची रक्कम मे महिन्याच्या मालावर ठरवा, किंवा दरमहा माल कळवण्याची सोय असलेली पॉलिसी मागा. पॉलिसीत वादळ-पूर समाविष्ट आहे आणि पत्त्यात तुमचे गोदाम बरोबर लिहिले आहे हे स्वतः वाचा. माल शेजारच्या भाड्याच्या गोदामात आणि पॉलिसी कारखान्याच्या पत्त्यावर, असे मी पाहिले आहे.

पायरी सातवी : बेगमी किती झाली की पुरे?

लाकडे माडीवर मावत नाहीत इतकी भरली तर वाळवी लागते. पैशाचेही तसेच. एका कुटुंबाकडे वापरातले भांडवल दोन कोटी, त्यातले पन्नास लाख ठेवीत. धंद्याचा नफा आणि ठेवीचे व्याज मिळून वर्षाला २४ लाख, म्हणजे बारा टक्के परतावा. ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी सव्वातीन लाख येतात. म्हणजे धंद्यातले दीड कोटी जवळपास पावणेचौदा टक्के कमावत होते आणि ठेव ती सरासरी खाली ओढत होती. प्रतवारीचे यंत्र जुने, तुकडा जास्त पडतो, तरी "हात राखून" बसलेले. तीन महिन्यांच्या खर्चाला त्यांना पंधरा लाख पुरले असते.

कंपन्यांच्या अभ्यासातही कित्येकदा असेच दिसते. लवचिकता शून्यापासून वाढत जाते तशी कामगिरी सुधारते, एका टप्प्यानंतर मात्र घसरते. सुटा पैसा फार झाला की मालक नको तिथे खर्च करतो किंवा काहीच करत नाही.

बेगमीची किंमत अशी काढा. दहा लाख ठेवीत साडेसहाने, आणि तेवढेच कर्ज साडेदहाने. फरक चार टक्के, वर्षाला ४०,०००. आता विचारा, हे दहा लाख नसते तर मागच्या पाच वर्षांत काय गमावले असते? उत्तर दोन लाखांहून जास्त असेल तर ठेव योग्य. कमी असेल तर काही भाग कॅश क्रेडिटमध्ये भरून ठेवा. तिथे व्याज रोजच्या बाकीवर लागते, म्हणून भरलेला रुपया लगेच वाचवायला लागतो आणि गरजेला परत उचलता येतो. सगळा मात्र तिथे भरू नका, कारण लिमिट बँकेच्या हाती असते, ठेव तुमच्या. न वापरलेल्या लिमिटवर काही बँका शुल्क लावतात, मंजुरीपत्रात ते पाहून घ्या.

पायरी आठवी : परिणाम मोजा

नफ्याच्या एका आकड्यावरून लवचिकतेचा परिणाम कळत नाही. एक वेगळी वही ठेवा आणि दर तिमाहीला चार नोंदी करा. कच्च्या मालाचा तुमचा सरासरी भाव आणि हंगामातला बाजारभाव यांतला फरक. कारखाना किंवा नौका पैशाअभावी किती दिवस थांबली. वापरलेल्या भांडवलावर किती टक्के सुटले. आणि चौथी, जी कोणीच लिहीत नाही : पैसे नव्हते म्हणून कोणती संधी सोडली, तिची अंदाजे किंमत काय.

चौथ्या नोंदीने माणसे बदलतात. नफा-तोटा पत्रकात न झालेला सौदा दिसत नाही, म्हणून तो दुखत नाही.

ते सावंतवाडीकडचे कारखानदार. त्या मार्चमध्ये आम्ही पहिल्यांदा उधारी गोळा केली, दोन टक्के सूट देऊन. आठवड्याभरात काही लाख आले, ते सगळे खात्यात भरले. मग खाते नव्वद दिवसांची वेस ओलांडायच्या आत बँकेकडे गेलो, यंत्राची बिले दाखवली आणि १८ लाख कॅश क्रेडिटमधून काढून मुदत कर्जात वळवण्याचा अर्ज केला. मंजुरी एप्रिलच्या मध्याला आली. हंगाम अर्धा सरला होता, तरी शेवटच्या बीतून आठ टन मिळाली. नोव्हेंबरात हंगामाच्या वेगळ्या लिमिटचा अर्ज गेला, पंचांगासकट. पुढच्या वर्षी त्यांनी चौथ्या रकान्यात वर्षभर काहीच लिहिले नाही. ऑक्टोबरात व्यापाऱ्याचा नेहमीचा फोन आला तेव्हा त्यांनी भाव विचारला, गोदामातल्या पोत्यांकडे पाहिले आणि दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितले.